नौतपातलं दही

आज नौतपा लागला. सकाळी साडेसहाला अनवाणीच गच्चीवर गेले आणि उड्या मारत खाली आले. झाशीत येऊन बावीस वर्षं झाली, तरी दर उन्हाळ्यात पहिल्या दिवशी ही चूक मी करतेच. पायांचे तळवे धरून जिन्यात बसले होते, तर स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "भाजलं ना? बरं झालं. म्हणजे ऊन पडलंय."

परक्या कुणी ऐकलं तर म्हणेल, काय खाष्ट बाई आहे! सुनेचे पाय पोळले आणि हिला बरं वाटतंय. पण आमच्या घरात उन्हाची चौकशी आता अशीच होते. दुसऱ्या घरांत पाहुण्याला विचारतात, तसं आम्ही उन्हाला विचारतो, आलात का, बसा, किती दिवस आहात?

नौतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरचे पहिले नऊ दिवस. बुंदेलखंडात लोक याची वाट बघतात, हे मला इथं आल्यावर कळलं. हे नऊ दिवस जितके तापतील तितका पुढं पाऊस चांगला, असं इथं मानतात. मध्येच ढग आले तर भाजीवालासुद्धा तोंड वाकडं करतो. सासूबाई मूळच्या वाईकडच्या. त्यांच्या लेखी रोहिणी म्हणजे वळीव, ढेकळं फोडायची घाई आणि पेंढ्यात पिकत घातलेले आंबे. इथल्या पहिल्या उन्हाळ्यात त्या ओला पंचा डोक्यावर घेऊन कूलरसमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, "ही कसली गं तुमची रोहिणी?" जशी काही मीच ती माहेराहून आणली होती.

आणि माझं तरी काय? मला या उन्हाचा मनापासून राग होता. श्रीकांतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी इथल्या सरकारी कारखान्यात, आणि आमचं क्वार्टर कॉलनीच्या अगदी टोकाला, जिथं एक झाड सावली देईल तर शपथ! दुपारी नळ उघडला की उकळतं पाणी. दाराची कडी पदरानं धरायची. स्कूटरच्या सीटवर बसायच्या आधी त्यावर पाणी शिंपडायचं. श्रीकांत लू, म्हणजे इथली उन्हाची झळ, लागू नये म्हणून खिशात कांदा घालून कारखान्यात जायचा. इथले सगळेच जातात. मग संध्याकाळी धुण्याच्या ढिगातून कांद्याचा वास. "बदली झाली की पहिल्या गाडीनं जाणार," असं मी दर मे महिन्यात जाहीर करायचे. बदली काही झाली नाही. नंतर नंतर माझ्या जाहीर करण्याकडे कुणी लक्षही देईना.

त्या उन्हाची मी आता जाहीर माफी मागते. कारण आमच्या दारावरच्या पाटीवर माझ्या नावामागे जे एक 'डॉ' आणि एक टिंब लागलंय, ते त्याच्यामुळे लागलंय.

तो उन्हाळा आठवायचा म्हटलं की मला आधी वास येतात. गव्हाच्या चिकाचा आंबूस वास, ओल्या मातीच्या परळांचा वास, कूलरमधल्या खसाचा, आणि या सगळ्यांच्या वरचढ, झाकण घट्ट लावलेल्या कॅनमधल्या नाल्याच्या पाण्याचा. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि पीएचडी करत होते, म्हणजे दुसऱ्यांदा करत होते. पहिली लग्नानंतर अर्धवट सुटली. ही दुसरीही सुटायच्या बेतात होती. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि जूनअखेर ती कायमची संपणार होती. त्याआधी खुल्या सेमिनारात काम मान्य झालं नाही तर सहा वर्षांच्या वह्या रद्दीत. हे मला माहीत होतं, घरात सगळ्यांना माहीत होतं, दूधवाल्या रामसेवकभैयालासुद्धा माहीत होतं.

काम काय होतं ते सांगते, घाबरू नका. आपण गोळ्या खातो. त्यातलं बरंचसं औषध शरीरातून जसंच्या तसं बाहेर पडतं. उरलेल्या गोळ्या लोक मोरीत टाकतात. गुरांना सुया देतात, त्यांचंही तेच. हे सगळं नाल्यात, नाल्यातून नदीत. गाळून निघत नाही, उकळून पुरतं जात नाही. पाण्यातल्या जंतूंना ते रोज चिमूटभर मिळत राहतं, मग ते सरावतात, आणि एक दिवस खरोखर गरज असते तेव्हा औषध लागूच पडत नाही. माझ्याकडे होती एक पिवळसर पावडर. तिचे कण इतके बारीक, की पिठीसाखरसुद्धा त्यांच्यापुढे धोंडे. अंधारात ती नुसती पडून राहते. प्रकाश पडला की जागी होते, आणि पाणी आणि हवा यांच्यातूनच असं काही भांडखोर रसायन क्षणभर तयार करते, की ते शेजारी सापडेल त्या औषधाच्या रेणूचे तुकडे पाडतं. मी निवडलं होतं टेट्रासायक्लिन, जुनं, ओळखीचं औषध.

प्रयोगशाळेत, शुद्ध पाण्यात, खास दिव्याखाली ती पावडर फार गुणी वागायची. माझे मार्गदर्शक त्रिपाठी सर ते आलेख बघायचे आणि चष्मा काढून म्हणायचे, "मैडम, डिस्टिल्ड वॉटर में तो सब शेर हैं. नाले का पानी लाइए. धूप में रखिए. फिर बात करेंगे." सर बेतवेकाठच्या एरचचे. लहानपणी ओंजळीनं बेतवेचं पाणी प्यायलेला माणूस. आता गावी गेले की बिसलरी घेऊन जातात. त्यांना खोटं यश नकोच होतं. मला मात्र तेव्हा वाटायचं, हा माणूस माझ्या मुळावर उठलाय.

नाल्याच्या पाण्यात पावडर टाकली तर पहिली फजिती ही, की ती परत निघेना. पाणी दुधाळ झालं ते झालंच. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून ठेवला की चीक कसा खाली बसतो आणि वरची निवळ ओतून देता येते! माझी पावडर बसायचं नावच घेईना. सासूबाई चीक ढवळता ढवळता म्हणाल्या, "अगं, सुटी कशाला सोडतेस? कशाला तरी चिकटव की."

मग मी ओरछा गेटपाशी मडकी विकणाऱ्या चाचीकडे गेले. तिला परळ, म्हणजे मातीची उथळ, ताटलीसारखी भांडी, हवेत म्हणाले, आतून लेप द्यायचाय म्हणाले. तिनं भाजलेला परळ माझ्या हातातून काढून घेतला आणि मागच्या रांगेतले फिकट, अर्धेकच्चे काढून दिले. "अधपके ले जाओ बिन्नू, पक्के पे कछू नईं टिकत." बिन्नू म्हणजे ताई, पोरी, असं काहीतरी मायेचं. लेप दिला, कॉलेजच्या भट्टीत तापवला, आणि बसला की! पाण्यात ठेवला, हलवला, धुतला, तरी सुटेना. सहा वर्षं पुस्तकं चाळून जे जमलं नव्हतं ते एका दुपारी दोन बायकांनी जमवून दिलं.

आता राहिला प्रश्न मोजण्याचा. पाण्यातलं औषध गेलं की नाही हे सांगणारं यंत्र कानपूरच्या एका प्रयोगशाळेत. नमुने पाठवायचे आणि अहवालाची दोन-तीन आठवडे वाट बघायची. म्हणजे आज काय चुकलं ते मला पंधरा-वीस दिवसांनी कळणार, आणि माझ्याकडे दिवस उरले होते मोजून थोडे. मी हातपाय गाळले होते, हे खरं सांगते. श्रीकांतला म्हणाले, "जाऊ दे. नसेल माझ्या नशिबात." तो खिशातला कांदा काढून टेबलावर ठेवत म्हणाला, "उन्हाळा तरी संपू दे. मग रड."

आणि अशात आमचं दही लागेना.

त्या एप्रिलमध्ये सलग तीन दिवस विरजण लावलेलं दूध सकाळी दूधच. आमच्याकडे दहीभाताशिवाय जेवण संपत नाही, त्यामुळे हे राष्ट्रीय संकट होतं. सासूबाईंनी रामसेवकभैयाला दारातच धरलं. त्यांचं हिंदी म्हणजे मराठीलाच नेसवलेली साडी. "भैया, दूध में क्या डालता है तू? मेरा दही लगता नहीं!"

"अम्माजी, कसम से, पानी तक नईं मिलाओ."

"फिर लगता क्यों नहीं?"

तो डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "वो भैंस को थनैला हो गओ तो... डॉक्टर साब ने सुई लगाई ती." थनैला म्हणजे सडाला सूज येते तो आजार. सुई दिल्यावर काही दिवस दूध विकायचं नसतं, हे त्याला माहीत होतं आणि त्यानं विकलं होतं. सासूबाई त्याला काय काय बोलल्या ते इथं लिहीत नाही. मी मात्र मधेच घुसले. "भैया, कौन सी सुई?"

दुसऱ्या दिवशी त्यानं रिकामी बाटली आणून दिली. मी ओट्यापाशी उभं राहून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. माझ्याच औषधाचं सख्खं भावंड! म्हशीच्या दुधातून उतरलेल्या त्या इवल्याशा औषधानं आमच्या विरजणातले जंतू मारले होते. म्हणजे औषध आहे, तर दही लागत नाही. औषध मेलं, तर लागेल. मला कानपूरची वाट बघायची गरजच नव्हती. माझं यंत्र माझ्या फडताळात, झाकणाखाली होतं. मला इतकं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं.

"दही बिघडलंय आणि ही बाई हसतेय," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचं विरजण तर त्या भानगडीत मेलंच होतं. नवीन आलं शेजारच्या कमलताईंकडून. त्या गुरसरायच्या जुन्या मराठी घरातल्या. कितीएक पिढ्या इकडेच, मराठी बोलताना मध्येच बुंदेली, पण घट्ट लागलेल्या दह्याला अजून "कवडी" म्हणतात आणि विरजण मागायला आलेलं भांडं कधी रिकामं परत पाठवत नाहीत. त्या विरजणानं माझी पीएचडी लावली असं मी म्हणते, आणि कमलताईंना ते अगदी खरं वाटतं.

सरांना सांगितलं तर ते उठून उभे राहिले. "मैडम, ये रिसर्च है. रसोईघर नहीं है."

"सर, कानपूरला नमुने जातीलच. प्रत्येक दिवसाचे जातील. पण रोज सकाळी मला कळायला हवं की काल काय झालं." हे मी हिंदीत म्हणाले आणि जरा मोठ्यानंच म्हणाले. ते बसले. मग म्हणाले, "दोनों मिल गए तो मानूँगा." दोन्हींचं उत्तर जुळलं तर मान्य. झालं, नौतपाचे नऊ दिवस माझे.

वर्गांना सुट्टी, कॉलेजच्या गच्चीला कुलूप, म्हणून परळ आमच्या गच्चीवर. आणि तिथं आधीपासून कोण? सासूबाईंचं वाळवण. कुरडया, साबुदाण्याच्या चिकवड्या, सांडगे. नाल्याच्या पाण्याची कॅन जिन्यातून वर जाताना बघून त्या पायरीवर आडव्या उभ्या राहिल्या. "हे माझ्या कुरडयांच्या शेजारी?" बरीच वाटाघाट झाली. शेवटी श्रीकांतनं गच्चीच्या मधोमध विटांची एक ओळ मांडली. पलीकडे माझे हातमोजे, माझी भांडी, माझी घाण. अलीकडे त्यांचं सोवळं राज्य. विटेला पाय लावायचा नाही असं ठरलं. हिंदुस्थानात एवढी चोख पाळलेली सीमा दुसरी नसेल.

नाल्याच्या पाण्यात मी मोजून औषध मिसळायचे, म्हणजे मारायला समोर शत्रू पुरेसा असावा. मग तीन परळ. एकात लेप नाही, उन्हात. दुसऱ्यात लेप आहे, पण वर झाकण, अंधारात. तिसऱ्यात लेपही आणि ऊनही. चारला पाणी काढायचं, उकळून कोमट करायचं, त्यात दुधाची पावडर कालवायची, कमलताईंचं विरजण घालायचं. तीन वाट्या या, आणि चौथी साध्या स्वच्छ पाण्याची, विरजण जिवंत आहे ना हे बघायला. सकाळी सहाला वाट्या तिरप्या करायच्या. बस.

पहिल्या दिवशी साध्या पाण्याची वाटी लागली. बाकी तिन्ही दूध. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच! बाहेर आकाशातून आग बरसतेय, गच्चीवर पापड तळून निघेल असं ऊन, आणि माझी पावडर झोपलेली. मी लेप तपासला, औषध तपासलं, स्वतःच्या डिग्र्या तपासल्या. सकाळी मला परीक्षेची ड्यूटी असायची, नवाला जायचे ते तीनच्या सुमारास यायचे. चौथ्या दिवशी चष्मा विसरला म्हणून अकराला परत आले आणि सरळ वर गेले.

माझ्या तिन्ही परळांवर सासूबाईंचं पांढरं जुनं लुगडं पसरलेलं होतं. चार कोपऱ्यांवर चार दगड.

"आई! हे काय?"

"धूळ किती उडतेय बघ ना. कावळे बसतात. मी रोज घालते आणि तू यायच्या आत काढते. वीट नाही हं ओलांडली, काठीनं पसरलं." वर त्यांचं शास्त्र असं, की वाळवणावर पातळ कापड घालतातच, ऊन त्यातून लागतंच की! कुरडयांना लागतं. माझ्या पावडरीला उन्हातला जो भाग हवा होता, तो बहुतेक त्या लुगड्यातच अडकत होता. नऊतले तीन दिवस आणि वर चौथ्याची ही सकाळ, मी लुगड्याखाली अंधार वाळवत बसले होते.

मी ओरडले. नको तेवढं ओरडले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" असंही म्हणाले. त्यांनी काठीनं लुगडं उचललं, घडी केली आणि खाली गेल्या. दुपारी जेवल्या नाहीत. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. संध्याकाळी मी त्यांच्यापुढे पन्ह्याचा पेला ठेवला. त्यांनी तो घेतला आणि विचारलं, "तुझ्या त्या पावडरीला कापड मुळीच चालत नाही का?" मी नाही म्हटलं. "मग धुळीचं काय?" मी म्हटलं, धूळ चालेल. "कावळे?" म्हटलं, कावळे नाही चालणार. पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बरं."

पाचव्या दिवसापासून गच्चीवर मोठी काळी छत्री उघडून, ओला पंचा डोक्यावर घेऊन, हातात काठी धरून, विटेच्या अलीकडे सत्तरीच्या पुढची एक बाई पहाऱ्याला बसली. कुरडयांची राखण होतीच, आता नाल्याचीही. पाचव्याची वाटी जरा दाटसर निघाली, पण ओघळलीच. सहाव्या दिवशी माकडं आली. किल्ल्याकडून येणारी ती टोळी म्हणजे कॉलनीचे खरे मालक. एकानं लेपाचा परळ उचलून तोंडाला लावायचा बेत केला होता, तर यांनी अशी काठी आपटली आणि वाईची अशी काही भाषा वापरली की माकड परळ ठेवून गेलं. ठेवून गेलं, फोडून नाही! पण त्याच दुपारी आँधी आली, धुळीनं सूर्य तांबडा झाला, आणि सातव्या दिवशी सकाळी आकाशात ढग. शेजारीपाजारी आपापल्या पावसाची काळजी करत होते. मी इतक्या वर्षांतल्या माझ्या सगळ्या शिव्या मागे घेत गच्चीवर उभी होते. ये रे बाबा, पड. चटके दे. काय हवं ते भाज.

दुपारी ऊन पडलं. आठव्या दिवशीची वाटी तिरपी केली तर दूध पुरतं ओघळलं नाही. थोडं धरलं होतं. ढिलं, पाणचट, पण धरलं होतं! मी वाटी घेऊन आईंकडे धावले. त्यांनी बोटानं वाटीची कड टिचकवली, आतलं थरथरताना पाहिलं.

"तू पाणी किती खोल घालतेस?"

मी चार बोटं दाखवली.

"एवढं? चिकवडी घालताना आपण कसं घालतो? पातळ पसर. जाडी झाली की आतून ओलंच राहतं." हे मला पुस्तकात कळायला हवं होतं. कळलंही होतं, दुसऱ्या शब्दांत, आकृतीसह, पान उलटून पुढं गेले होते. गढूळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचत नाही, आणि लेप तर तळाशीच. नवव्या दिवशी पाणी एक बोटभर. परळ जास्त मांडले. विटांची ओळ एक हात अलीकडे सरकवायला त्यांनी स्वतः परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटी तिरपी केली. मग आणखी तिरपी केली. मग, देवा, सरळ उपडी केली. एक थेंब पडला नाही.

मी किंचाळले. श्रीकांत दाढीच्या फेसासह धावत आला, त्याला वाटलं भाजलं. बाकीच्या दोन वाट्या तशाच पातळ दूध. ऊन आहे पण लेप नाही, ती दूध. लेप आहे पण ऊन नाही, तीही दूध. दोन्ही जिथं भेटले तिथं दही. मी ती वाटी डोक्यावर उपडी धरून घरभर फिरले. शेहेचाळीसाव्या वर्षी, परीक्षेची ड्यूटी असताना.

पुढं जूनच्या मध्यावर कानपूरचे अहवाल आले. दिवसवार लावले. लुगड्याचे तीन दिवस: औषध जवळजवळ तेवढंच. आठवा दिवस: बरंच कमी. नववा: यंत्राला सापडण्याजोगं काही नाही. वाटीनं जे सांगितलं तेच यंत्रानं सांगितलं. सरांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "माताजी का लुगड़ा भी थीसिस में लिखिए. कंट्रोल है." लिहिलंय. 'सुती वस्त्राच्या आच्छादनाचा परिणाम', चौथं प्रकरण.

सेमिनारात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच प्रश्न विचारला ज्याची मी वाट बघत होते. रेणू मोडला हे यंत्र सांगतं, पण त्याचे तुकडे? तेच विषारी असले तर? मी पिशवीतून वाट्या काढून टेबलावर मांडल्या. तुकड्यांत औषधाचा गुण उरला असता तर विरजण मेलं असतं, म्हणाले. बाकीचे धोके आणखी तपासायचे आहेत, तेही कबूल केलं. आणि त्यांच्या कागदांवर तिसरी वाटी उपडी धरली. त्यांनी घाईघाईनं कागद ओढून घेतले. काही पडलं नाही. मागच्या बाकांवरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि सरांनी त्यांना गप्प करायचं नाटक केलं. काम मान्य झालं.

आता एका छोट्या दवाखान्यामागे चाचीच्याच परळांची उतरंड आहे. पाणी एकातून दुसऱ्यात पातळ धारेनं उतरतं आणि नाल्याला मिळतं. फार मोठं काही नाही, एका दवाखान्याचं पाणी. माझ्या कॉलेजातल्या मुली दर सोमवारी वाट्या लावतात. आज नौतपा लागला म्हणून त्या सकाळपासून खूश आहेत. झाशीत इतक्या आनंदानं उन्हात जाणाऱ्या पोरी दुसऱ्या कुठं नसतील.

पण मला त्या सगळ्या हंगामातली सर्वांत जास्त आठवते ती सेमिनारची सकाळ. मी साडी नेसून, फाइल घेऊन दारात उभी होते. आमच्याकडे परीक्षेला, महत्त्वाच्या कामाला निघताना हातावर दही द्यायची पद्धत. आई आतून वाटी घेऊन आल्या. त्या वाटीच्या कडेला माझ्या हातची चिकटपट्टी होती, वर तीन आकडा. परळातल्या पाण्याची वाटी. आदल्या दिवशी मी घोकंपट्टी करत बसले असताना त्यांनी हातमोजे घालून, विटा ओलांडून, स्वतः पाणी काढलं होतं, स्वतः विरजण लावलं होतं.

"आई, हे नाल्याचं आहे! घरचं दही आहे ना फ्रीजमध्ये!"

"घरचं आहे ते रोजचं," त्या म्हणाल्या. चमचाभर घट्ट दही त्यांनी माझ्या उजव्या तळव्यावर ठेवलं आणि माझी बोटं मिटवली. "हे तुझं आहे. खाऊ नकोस. नुसतं हातावर घे."